उष्टा चमचा

४ मार्च

पोचले एकदाची! बस वेळेवर आली, बॅग हरवली नाही, आणि शेजारच्या बाईंनी उकडलेल्या अंड्यांचा डबा मांडीवर उघडा ठेवला तेवढं सोडलं तर प्रवासही बरा झाला. माझं नाक म्हणजे माझं पोटपाणी आणि माझा छळ, दोन्ही. आई म्हणायची, ही जन्मली तेव्हा आधी नाक बाहेर आलं, बाकीची पोरगी सवडीने आली. दूध डेअरीत इतकी वर्षं मी नुसत्या वासावर सांगायची की हे दूध आजचं, हे कालचं, आणि या कॅनचं झाकण कुणीतरी घाणेरड्या फडक्याने पुसलंय. डेअरी बंद पडली आणि या मधमाशी केंद्राला नेमकी नाकवाली बाई हवी होती. नशीब म्हणतात ते हेच.

खोली पांढरीशुभ्र आहे, चादरीला उन्हाचा वास. खिडकीतून फळबाग दिसते आणि तिच्या कडेने माश्यांच्या पिवळ्या पेट्यांच्या रांगा, मध्ये एकच निळी. न्हाणीघर नवीन, फरशांच्या सांध्यांत काळं नाही (वाकून पाहिलं). बोळाच्या टोकाला जुनं न्हाणीघर आहे, ते नळ गळतो म्हणून बंद ठेवलंय.

घरात तिघंच. केंद्राचे प्रमुख, त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात, पण ते माणसांचे नव्हेत, माश्यांचे. त्यांच्या बायकोला मी पहिल्या चहालाच वहिनी म्हणून टाकलं, त्यांनाही बरं वाटलं. आणि डॉक्टरांचे वडील अप्पा. ऐंशी कधीच ओलांडलेली, पण मधाने भरलेली पेटी एकटे उचलतात. तिघांचे गाल असे लालबुंद की मला आपली आरशात बघायची लाज वाटली.

धाकटीला फोन केला. आई गेल्यापासून मीच तिला वाढवलं, आता मावशीकडे ठेवून आलेय. तिने विचारलं, तायडे, नाक मुरडायला काही मिळालं का? म्हटलं, अजून नाही. म्हणाली, थांब, मिळेल.

५ मार्च

काम समजलं. चहूबाजूंना बागा, आणि दर दोन-चार दिवसांनी कुठल्या ना कुठल्या बागेत फवारणीचं यंत्र फिरतं. त्या फवाऱ्याला सगळे औषध म्हणतात. किडे मारायचं विष आणि नाव औषध! माश्या फुलांवर जातात, झिंगत परत येतात आणि दारातच आडव्या होतात. सकाळी पेट्यांपुढे झाडू मारताना मेलेल्या माश्यांच्या जिभा बाहेर आलेल्या दिसतात, प्रत्येकीची, जणू जाता जाता आपल्याला वेडावून गेल्या.

डॉक्टरांना न मरणारी माशी हवी आहे. त्यांची पद्धत सरळ आहे. साखरेच्या पाकात औषधाचा थेंब घालून पेट्यांना पाजायचं. ज्या पेट्या तगतात त्यांच्याच अंड्यांतून पुढच्या राण्या करायच्या, आणि त्या राण्यांच्या लेकींना आणखी थोडं जास्त पाजायचं. ते म्हणाले की काही माश्यांच्या पोटात विष मोडणारा रस जरा जास्त तयार होतो आणि तो गुण आईकडून लेकीकडे जातो. माझं काम वासाचं. मधात, मेणात, माशीच्या अंगात औषध किती उरलंय ते सांगायचं. शहरातलं यंत्र तेच सांगायला महिना लावतं.

एक गोष्ट मात्र बघवली नाही. दोन बशा ठेवल्या, एक साध्या पाकाची, एक औषधाची. माश्या साध्या बशीकडे ढुंकून बघेनात. औषधाच्या बशीवर एकीच्या डोक्यावर एक, अशी झुंबड. डॉक्टर म्हणाले, चव कळत नाही त्यांना, पण ओढ लागते. दारूच्या दुकानासमोर सकाळी सकाळी उभे असतात त्यांची आठवण झाली.

६ मार्च

धाकटीचं म्हणणं खरं झालं. मिळालं नाक मुरडायला.

नाश्त्याच्या टेबलावर मधाची बरणी येते, निळ्या पेटीतला मध, इथली सगळ्यात कणखर पेटी. बरणीत एकच चमचा. अप्पा तो भरून तोंडात घालतात, मध जिभेवर घोळवतात, चमचा चांगला चोखतात आणि तोच परत बरणीत. मग डॉक्टर. मग वहिनी. त्यांच्या ओठापासून चमच्यापर्यंत लाळेची तार आली होती, मी ती तुटेपर्यंत बघत राहिले. आणि मग चमचा माझ्यापुढे.

मी? जी बहिणीच्या ग्लासातलं पाणी पीत नाही? धाकटीचं उलट आहे, ती लहानपणापासून माझ्या ताटातलं ओढून खाते, माझ्या ओठाला जॅम लागला तर बोटाने पुसून चाटते, आणि मी किंचाळले की खिदळते. तिला उष्ट्याचं काही वाटत नाही, मला सगळ्याचंच वाटतं.

डॉक्टरांनी समजावलं की पेटीतल्या सगळ्या माश्या एकमेकींच्या तोंडातलं खातात, म्हणून सगळ्यांना एक वास येतो. परक्या वासाच्या माणसाला त्या फोडून काढतात. या घराचा चमचा घेतला की घराचा वास लागतो. वहिनी म्हणाल्या, पहिल्यांदा सगळ्यांनाच जड जातं हो. अडला हरी गाढवाचे पाय धरतो, मी डोळे मिटून चमचा तोंडात घातला. कोमट होता. नंतर न्हाणीघरात जाऊन तीनदा चूळ भरली, पण ओकारी काही आली नाही. मध मात्र, खोटं कशाला बोलू, फार गोड होता.

माझ्या आधीच्या बाईंनाही हे करावं लागायचं का विचारलं. वहिनी म्हणाल्या हो तर, रोज. मग त्या सोडून का गेल्या? त्यावर वहिनींनी भांडी उचलली आणि म्हणाल्या, भरलं त्यांचं. दिवस भरले असं त्यांना म्हणायचं असावं.

१० मार्च

माश्या खरंच डसत नाहीत मला. अप्पांनी निळी पेटी उघडून दाखवली, धूरही केला नाही.

पोळ्याची चौकट बाहेर काढली आणि मी चमच्याचा तमाशा पुन्हा पाहिला. बाहेरून आलेली माशी जबडे उघडते, तोंडाशी थेंब आणते. दुसरी तिची जीभ चोखते. तिची तिसरी. थेंब असा तोंडातोंडी सरकत जातो, चौकटीच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत. तिथे मेणाची घरं मोडून एक मोठा खळगा केलाय आणि त्यात एक अळी. साधी अळी तांदळाच्या दाण्याएवढी असते. ही माझ्या अंगठ्याएवढी. पिवळट, ताणलेली, कातडीखाली काहीतरी डचमळतंय. तिला डोळे नाहीत, पाय नाहीत, फक्त तोंड आहे, आणि ते सारखं उघडं.

अप्पा कौतुकाने म्हणाले, ही आमची लाडकी. सगळ्या हिलाच भरवतात, हिचं लग्न नाही, काम नाही, नुसतं खायचं. मी म्हटलं, चांगलं नशीब काढलंय! आणि बागेच्या कडेला जाऊन ओकले.

१५ मार्च

अंगठी बोटात रुतायला लागलीय, साबण लावून काढली. वजन वाढलंय. वहिनी माझे लाड करतात, पावावर लोणी थापून देतात, त्यामुळे असेल. चेहरा भरलाय पण रंग काविळीसारखा. धाकटीला सांगितलं तर म्हणते, बरं झालं, तुझी हाडं टोचायची.

काल खिडकीखालून फवारणीचं यंत्र गेलं. अप्पा त्या धुक्यात उघड्या अंगाने उभे राहून यंत्रवाल्याशी गप्पा मारत होते. शिंक नाही, खोकला नाही. यंत्रवाला मात्र तोंडाला जाड फडकं बांधूनही खोकत होता. विचारलं तर अप्पा म्हणाले, आम्हाला सोसतं.

डॉक्टरांनी चहाच्या वेळी घरची चौकशी केली. बहीण आहे म्हटल्यावर तिघंही खूश झाले. सख्खी का? एकाच आईची? मग तिलाही बोलवा की, शेजारची खोली रिकामीच आहे, काम शिकेल. एका आईच्या असल्या की माश्या पटकन आपलंसं करतात म्हणे. मला भरून आलं. असे लोक कुठे मिळतात आजकाल! लगेच फोन केला. धाकटी फोनवरच नाचली. महिनाअखेरीला येतेय!

तिची खोली मी स्वतः पुसून काढली.

२० मार्च

नाकाला काय झालंय कळत नाही. लोण्याला वास नाही. चहाला नाही. पाव म्हणजे ओला पुठ्ठा. आणि दुपारी खालच्या बागेत यंत्र सुरू झालं तेव्हा खिडकी लावायला उठले आणि तशीच उभी राहिले. वारा इकडे वळला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

विष आहे ते! मला माहीत आहे ते विष आहे. तरी मी जीभ बाहेर काढून उभी होते.

ओठांवर माश्या येऊन बसतात आता. सहा-सात तरी. तोंडात काहीतरी ठेवून जातात. मी थुंकते. पहिल्यासारखी लांब थुंकता येत नाही, तार लोंबते.

२३ मार्च

आज कळलं. सगळं लिहून ठेवते, अजून बोटं वळतायत तोवर.

निळ्या पेटीतली लाडकी भरली होती. टच्च. डॉक्टरांनी ती बशीत घेतली, ब्लेडने चिरली आणि मला वास घ्यायला सांगितला. आतून पिवळं, घट्ट, पूसारखं आलं. अळीचा वास नव्हताच. एरवी मेलेल्या माझ्या नाकाला तेवढंच कळलं, शंभर फवाऱ्यांचा अर्क होता तो. मग त्यांनी त्याच पेटीतल्या साध्या माश्यांचा वास घ्यायला दिला. स्वच्छ. डेअरीतल्या पहाटेच्या दुधासारख्या स्वच्छ.

म्हटलं, म्हणजे या माश्या विष पचवत नाहीत?

डॉक्टर अगदी शांतपणे सांगत होते. पोटातल्या रसाने थोडं मोडतं, पण तेवढ्याने पेटी जगत नाही. ते वर्षानुवर्षं रसाच्याच मागे होते आणि पेट्या मरतच होत्या. मग एक पेटी तगली, आणि तिच्यात लाडकी होती. जी पेटी लाडकी करायला शिकते तीच तगते. सगळ्याजणी आपल्या वाट्याचं तिच्या तोंडात घालतात आणि मोकळ्या होतात. ती भरली की ओढून बाहेर टाकण्याएवढी हलकी राहत नाही, म्हणून झाडांच्या चिकाची राळ करून तिला जागच्या जागी लिंपून टाकतात, वास सुटू नये म्हणून. मग तिच्याच आईचं दुसरं अंडं, म्हणजे तिची सख्खी बहीण, त्या खळग्याशेजारी ठेवतात. परकीचं ठेवलं तर वेळ फार जातो, अर्धी पेटी मरते.

ते बोलत होते आणि मी माझा हात बघत होते. बशीच्या कडेवर ठेवलेला. पिवळा. ताणलेला. दाबला तर खळगा पडतो आणि भरून येत नाही.

अप्पा, डॉक्टर, वहिनी. मग मी. रोज मी शेवटची.

ओरडून विचारलं. वहिनींनी पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, इथल्या विहिरीत औषध, भाजीत औषध, आमची दोन मुलं गेली हो त्यात. माश्यांनी शिकवलं म्हणून आम्ही उरलो. तुम्हाला कुठे काही दुखतंय? दुखत नाहीच ना?

नाही दुखत. हेच तर किळसवाणं आहे.

२४ मार्च

चमचा घेतला नाही. त्यांनी आग्रहही केला नाही, बरणी टेबलावर ठेवून तिघं कामाला गेले. दुपारपर्यंत हातपाय कापायला लागले. जीभ आपोआप बाहेर येत होती, त्या झाडून टाकलेल्या माश्यांसारखी.

शेवटी बरणी उचलली. चमचाही घेतला नाही. हात घातला. कोपरापर्यंत चाटला.

त्यात अप्पांच्या तंबाखूची चव होती, वहिनींच्या दातातल्या भाजीची. मला ते सगळं आवडलं.

२५ मार्च

धाकटीला फोन लावला. येऊ नकोस, एवढंच म्हणायचं होतं. जीभ तोंडात मावत नाही. नुसता बुडबुड आवाज निघाला. ती हसली, म्हणाली, तायडे, तोंडात काय कोंबलंयस? वहिनींनी हळूच फोन घेतला. ताईचा घसा बसलाय, म्हणाल्या, पण तुझी वाट बघतेय हो फार.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मीच बोलावलं. मीच खोली पुसली.

फोन आता वहिनींच्या खिशात.

२६ मार्च

सकाळी निघाले. चपलेत पाय जाईना, अनवाणी निघाले. फाटकापर्यंत पोचले. पलीकडे रस्ता. रस्त्यावर एकही यंत्र नव्हतं, हवा साधी होती, आणि त्या साध्या हवेत माझा श्वास कोंडला. गुडघे दुमडले.

अप्पांनी पेट्या वाहायच्या ढकलगाडीत घालून आणलं. आधी गाडी पुसून घेतली. मला घाण चालत नाही म्हणे, त्यांना माहीत आहे.

२७ मार्च

जुनं न्हाणीघर. माश्या त्या दाराच्या फटीतून जा-ये करत होत्या. वहिनी बाजारात. दार नुसतं लोटलेलं.

नळ नाहीच गळत.

कोपऱ्यात ढिगारा. तपकिरी, चकचकीत. राळ. माश्या अजून लिंपतायत, चाटून गुळगुळीत करतायत. माणूस बसल्यासारखा आकार. चष्म्याची एक काडी बाहेर राहिलीय. आणि तोंड जिथे असावं तिथे राळ पातळ आहे. ओलसर.

हलली.

मी हाक मारायला गेले, बुडबुड झाली नुसती. माझ्या आधीची बाई— नाव माहीत नाही मला तिचं. कधी विचारलंच नाही.

भरलं त्यांचं, म्हणाल्या होत्या वहिनी.

शेजारचा कोपरा धुऊन ठेवलाय. स्वच्छ. फिनाइलने.

२९ मार्च

मळमळत नाही. लिहून ठेवते कारण हे सगळ्यात वाईट. आज माशी तोंडात मेली, जिभेवर, आणि मी— गिळली. काही वाटलं नाही. माझी किळस कुठे गेली? तेवढी एकच माझी होती.

आठवून बघते. अंड्याचा डबा. लाळेची तार. नाही येत.

फक्त धाकटीचा विचार केला की येते. तिच्या तोंडात तो चमचा. तेव्हा येते. बरं वाटतं, अजून आहे.

३० मार्च

कागद फाडलाय. मोठ्या अक्षरात— चमचा घेऊ नकोस. काही झालं तरी. पळ. उशीखाली ठेवलाय.

तोंडाच्या कडांना माश्या काहीतरी लावतायत. चिकट. मी खरवडते. पुन्हा लावतात.

उद्या.

३१ मार्च

आली. फाटकाशी तिचं हसणं ऐकलं.

वहिनी सांगत होत्या, ताई झोपलीय, आधी नाश्ता कर. ती कसली ऐकतेय. धावत आली. दारात थबकली, मग— अगं बाई, काय झालं हे तायडे, म्हणून गळ्यातच पडली. या अंगाला. तिला किळस नाही आली माझी.

कागद दिला. वाचला तिने. दोनदा. रडत मान हलवली. नाही घेणार चमचा, म्हणाली. पाण्याचा घोटही नाही घेणार. दाराला कडी लावलीय आतून. मावशीला फोन केलाय, गाडी घेऊन निघालीय. शहाणी माझी ती. वाचली. ती वाचली—

म्हणाली, ओठाला हे काय लागलंय. बोटाने पुसलं.

आणि चाटलं. सवयीने. लहानपणची.

गोड आहे, म्हणाली.

हलकं वाटलं मला. एका थेंबाने. बोटं वळली. नाकात वास आला, खरा, तिच्या केसांचा, साबणाचा. किती दिवसांनी.

दुसरा थेंब येतोय जिभेवर. गिळला. पुन्हा आला. गिळतेय. ती उशाशी बसलीय. माझ्या तोंडाकडेच बघतेय. वाकली. विचारतेय, तायडे, अजून आहे का गं—

मी तोंड मिटून घेत

मिटत ना